गाणाऱ्या आज्जींचा वॉकर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मसाजवाली नाही. कुवेतमध्ये हे वाक्य मी दिवसातून दोनदा तरी म्हणते, कधी इंग्रजीत, कधी हिंदीत. वेळ आली तर अरबीतही म्हणता यावं म्हणून तेवढं पाठ करून ठेवलंय. साडेचार वर्षं कॉलेज करून मिळवलेली डिग्री आहे ती. माझ्या आधी आमच्या घरातलं जे माणूस कॉलेजच्या फाटकातून आत गेलं ते म्हणजे माझे वडील, आणि तेही गॅदरिंगला बँड वाजवायला. लातूरकडच्या लग्नांमध्ये ते क्लॅरिनेट वाजवतात. त्यामुळे मला डिग्रीचा जरा जास्तच अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लपवायचा कशाला?

तर त्या दिवशी एगैला भागातल्या एका फ्लॅटचं दार उघडलं आणि आतून एक जाडाभरडा, खर्जातला बायकी आवाज आला, "मसाजवाली आली का?"

मी चपला काढता काढता माझं वाक्य इंग्रजीत म्हटलं.

आत खिडकीजवळ एक म्हातारी बसली होती. काळा झगा, पांढरे केस कानाइतके कापलेले, गालाची हाडं अशी वर की त्यावर चष्मा नुसता टेकला तरी राहील. समोर वॉकर. बसली होती तरी दोन्ही हात वॉकरच्या दांडीवर घट्ट. मला नीट वरून खालपर्यंत बघून ती म्हणाली, "मग आपलं जमणार. मी गायिका आहे, पण लोक मला अजून मॉडेलच म्हणतात. मॉडेलिंग सोडून पंचावन्न वर्षं झाली!"

आणि हसली. त्या हसण्यातच मी सापडले.

बाई होत्या एकोणऐंशीच्या. थंडी चुकवायला म्हणून युरोपातून लेकीकडे महिनाभर आल्या, आणि तिसऱ्याच आठवड्यात बाथरूममध्ये घसरून खुबा मोडून बसल्या. ऑपरेशन इथंच झालं, झकास झालं. लेक इथल्या एका शाळेत शिकवते, पन्नाशीची, मोजकं बोलणारी. पहिल्याच दिवशी तिनं मला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. आईचं घर भाड्याचं, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चाळीस वर्षं आई तिथं राहते, आता एकटी. घरमालकाला जानेवारीच्या शेवटी कळवायचंय, परत येणार की घर सोडणार. "ती म्हणेल ते मी ऐकणार नाही, कारण ती काहीही म्हणते," लेक म्हणाली. "तुम्ही लिहून द्याल ते ऐकेन. ती आधाराशिवाय उभी राहू शकत असेल आणि जिने चढू शकत असेल तर जाऊ दे. नाहीतर घर सोडायचं आणि तिला तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवायचं."

म्हणजे माझ्या एका कागदावर बाईंचं घर टांगलेलं. बाहेर आले तर बाईंनी हे सगळं ऐकलेलं होतं. कान फार तिखट.

"सार्जंट," त्या म्हणाल्या. (हे नाव मला पहिल्या तासातच मिळालं.) "तू आत्ताच लिहून टाक ना. म्हणजे आपण नंतर निवांत गप्पा मारू."

"जे असेल तेच लिहीन."

"मी तुला माझा काळा फर कोट देईन."

"कुवेतमध्ये?"

"एसी लावून घालायचा."

मी म्हटलं, "मॅडम, आमच्या अख्ख्या घराण्यात ज्या सहीवर दवाखाना विश्वास ठेवतो अशी ही पहिली सही आहे. ती मी कोटासाठी खर्चणार नाही."

त्यांनी कोटाचा नाद सोडला. मग म्हणाल्या, "मॅडम म्हणू नकोस. मॅडम म्हटलं की मला दुकानात आल्यासारखं वाटतं. तुमच्याकडे म्हाताऱ्या बाईला काय म्हणतात?"

"आज्जी."

"आज्जी," त्यांनी म्हणून बघितलं. दोनदा, तीनदा, वेगवेगळ्या सुरांत. "चांगलं आहे. यातला 'ज्ज' खूप वेळ धरून ठेवता येतो."

असं सुरू झालं. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी चारला. पाठीवर झोपून कंबर उचलायची, कुशीवर पाय उचलायचा, खुर्चीतून उठायचं बसायचं. दहा वेळा म्हटलं की त्या सात वेळा करायच्या आणि उरलेल्या तीनच्या बदल्यात एक गोष्ट सांगायच्या. गोष्ट चांगली असली की मी एखादं माफ करायचे. हे चुकीचं आहे, मला माहीत आहे. पण तुम्ही ऐकल्या नाहीत त्या गोष्टी.

आज्जी बंदरावरच्या गावात वाढल्या. आई मासे साफ करायची आणि ह्या टोपल्या उचलायच्या. सोळाव्या वर्षी एक फोटोवाला होड्यांचे फोटो काढायला आला आणि होड्या सोडून हिचेच काढून गेला. सहा महिन्यांत ही मासिकांच्या कव्हरवर. कोट, बूट, शाम्पू, घड्याळं. "एकदा मला फर कोट घालून तीन तास ट्रॅक्टरवर बसवलं होतं. जुलै महिना. घामाचे थेंब पुसायला एक माणूस ठेवला होता, त्याचं कामच तेवढं."

"ट्रॅक्टर का पण?"

"मी पण हेच विचारलं. तर म्हणाले, हनुवटी वर. मॉडेलशी कुणी बोलत नाही गं, सार्जंट. आठ वर्षं मी दोनच वाक्यं ऐकली. हनुवटी वर, हनुवटी खाली. मग एक दिवस मी तोंडच उघडलं."

तोंड उघडलं ते एका तळघरात. तिथं चित्रकार, कवी वगैरे उपाशी मंडळी जमायची. तिथं आज्जींनी एकच सूर एकोणीस मिनिटं गायला. शब्द नाहीत, चाल नाही, एक सूर. सुरुवातीला अकरा लोक होते, शेवटी तीन उरले. त्यातला एक झोपलेला, दुसरा तळघराचा मालक.

"आणि तिसरा?"

"त्याच्याशी मी लग्न केलं."

पुढं रेकॉर्डी निघाल्या, कुणी फारशा घेतल्या नाहीत. आता म्हणे त्याच रेकॉर्डी तरुण पोरं शोधत फिरतात. सिनेमेही केले. मी विचारलं, हिरॉइन होता का? आज्जी म्हणाल्या, "एका सिनेमात मी दीड तास मेलेली होते. सगळ्यात अवघड काम. माश्या बसतात. आणि एका सिनेमात मी जिना झाले होते."

"जिना?"

"जिना."

"म्हणजे लोक तुमच्यावरून चढून जायचे?"

"नाही गं. ते प्रतीक होतं."

"कशाचं?"

"ते दिग्दर्शकालाही माहीत नव्हतं. पण बक्षीस मिळालं."

हसून हसून माझ्याच पोटाचा व्यायाम व्हायचा. घरी परतताना टॅक्सीत मी एकटी हसायचे तेव्हा ड्रायव्हर आरशातून बघायचा.

गाणं मात्र मला आवडलं नाही, सांगून टाकते. त्यांनी तिसऱ्या आठवड्यात गाऊन दाखवलं. आमच्याकडे पाण्याच्या टँकरचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहिला की असाच आवाज येतो. गाऊन झाल्यावर विचारलं, "कसं वाटलं?"

"वाईट."

"किती वाईट?"

"खूपच."

आज्जींना असा आनंद झाला की वॉकर गदगदा हलवला. "सगळे म्हणतात, इंटरेस्टिंग! पन्नास वर्षं, इंटरेस्टिंग! तू आणि तेव्हा माझ्या गाण्यावर टोमॅटो फेकणारे, एवढेच खरं बोललात!"

मग माझ्या वडिलांचं क्लॅरिनेट कळल्यावर त्यांनी हट्टच धरला. व्हिडिओ कॉल लावायला लावला. इकडं एगैलातली सातव्या मजल्याची खिडकी, तिकडं आमच्या ओसरीवर आई-वडील डोक्याला डोकं लावून मोबाईलमध्ये बघतायत. आज्जींनी काही न बोलता सूर लावला. आई घाबरली.

"काय गं, पोटात दुखायलंय का तिच्या?"

वडील म्हणाले, "थांब. गप." डोळे मिटून ऐकत बसले. माझे वडील बँडच्या गाडीवर हजार वॅटच्या आवाजात वाजवतात, त्यांना असं ऐकताना मी पाहिलं नव्हतं. सूर संपल्यावर म्हणाले, "गायलीय का रडायलीय ते मला कळंना. पण सूर हलंना बाईचा. एका जागी धरून बसलीय. एवढा दम आमच्या बँडमधल्या एकालाबी नाही."

मी जसंच्या तसं भाषांतर करून सांगितलं. आज्जींनी ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाल्या, "वडिलांना सांग, माझ्यावर जेवढं छापून आलं त्यात एवढं शहाणं कुणी लिहिलं नाही." आणि त्या दिवशी सगळे व्यायाम दहाच्या दहा केले.

हे सगळं चाललं होतं, पण मुद्द्याची गोष्ट पुढं सरकत नव्हती. हाड जुळून आलं होतं. स्नायूंना ताकद होती, मी हातानं दाबून तपासत होते. दोन्ही पायांवर वजन बरोबर पडत होतं. पण आज्जी वॉकर सोडत नव्हत्या. ओट्याला धरून उभं केलं की एक हात सोडायच्या. डावा सोडला की उजवा घट्ट, उजवा सोडला की डावा घट्ट. दोन्ही एकदम सुटले नाहीत म्हणजे नाहीतच. घसरल्यावर बाथरूमच्या फरशीवर पडून राहिलेली चाळीस मिनिटं त्यांच्या हातात जाऊन बसली होती. लेक शाळेतून येईपर्यंत पडून होत्या त्या. ती गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नाही. एवढ्या गोष्टी सांगितल्या, ती एक नाही. ती लेकीनं सांगितली.

जानेवारी अर्धा आला. मी आज्जींना मॉलमध्ये नेलं, लांब गुळगुळीत फरशी, गार हवा, चालायला बरी. अर्धं अंतर झालं आणि मला कॉल आला म्हणून मी दोन मिनिटं बाजूला गेले. वळून बघते तर आज्जी गायब. वॉकर गायब. इकडं धाव, तिकडं धाव, सिक्युरिटीवाल्याला सांगतेय, बुढी औरत, काला ड्रेस, आणि समोर कपड्यांच्या दुकानाच्या दारात तीन पुतळे उभे. दोन प्लास्टिकचे आणि एक आज्जी.

हनुवटी वर, नजर लांब कुठंतरी, पापणी हलत नाही, श्वास दिसत नाही. वॉकरसुद्धा असा नुसत्या बोटांनी धरलेला की वाटावं, तोही विकायला आहे. अबाया घातलेली एक बाई आली, आज्जींच्या स्कार्फाचं कापड दोन बोटांत धरून बघितलं आणि किमतीची चिठ्ठी शोधायला मानेमागं हात घातला.

"विकायचा नाही," आज्जी म्हणाल्या.

ती बाई किंचाळली ती अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरचे लोक कठड्याला आले. मग तीच हसायला लागली, इतकं की तिच्या मैत्रिणीला तिला धरावं लागलं. शेवटी तिनं आज्जींना कॉफी पाजली आणि सोबत फोटो काढला. आज्जींनी फोटोत हनुवटी वर केली.

परत येताना मी चिडले होते. "अकरा मिनिटं तुम्ही एका जागी उभ्या होतात! सिक्युरिटीवाला सांगत होता. मग माझ्यासमोर का होत नाही?"

"तुझ्याबरोबर असताना माझ्यासमोर भिंत असते," आज्जी म्हणाल्या. "मी आयुष्यात कधी डॉक्टरसाठी सरळ उभी राहिले नाही. लोकांसाठी राहिले. मला लोक आणून दे."

लोक कुठून आणायचे? कुवेतमध्ये असा काही कार्यक्रम ठरवायचा तर किती परवानग्या. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी माझ्या बिल्डिंगमधल्या ताईंचं दार वाजवलं. सबाह अल-सालेमला मी राहते त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर त्या राहतात. रत्नागिरीकडच्या, सरकारी हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन, आणि आमच्या मराठी बायकांच्या मंडळाच्या सेक्रेटरी. शुक्रवारी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, एका व्हिलाच्या तळघरातला हॉल घेतला होता. मी म्हटलं, कार्यक्रमात एक गाणं घ्या.

"कोण गातेय?"

"माझी पेशंट आहे. युरोपातली. तिकडची मोठी गायिका."

"काय गाते ती?"

"एक सूर."

"आणि मग?"

"मग तोच सूर."

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. "अगो, आमच्या पोरी आठ दिवस नाच बसवतायत. त्यांच्या मध्ये ही एक सूर लावून उभी राहणार?"

मग मी खरं काय ते सांगितलं. घर, चौथा मजला, महिनाअखेर. ताई नर्सा-डॉक्टरांत वीस वर्षं काढलेली बाई, पुढं एक शब्द विचारला नाही. फक्त म्हणाल्या, "पाहुणी म्हणून येतेय ना? मग सत्कार करायला हवा. एक शाल जास्तीची आहे. नारळ मी आणते."

शुक्रवारी दुपारी आज्जींना आणलं. तळघरात उतरायला बारा पायऱ्या, कठड्याला धरून, मी खालच्या पायरीवर. लेक मागं वॉकर घेऊन. खाली साठ-सत्तर बायका, काळ्या साड्या, काळी पैठणी, काळे ड्रेस. आज्जी दारातच थबकल्या. "तू सांगितलं नाहीस की सगळ्याजणी माझ्यासारखे कपडे घालतात!"

"आजच घालतात, आज्जी. संक्रांत आहे."

"मी पंचावन्न वर्षं संक्रांत करतेय तर!"

हलव्याचे दागिने घातलेली लहान मुलं, मुलींचे नाच, मग उखाणे. उखाणा म्हणजे काय ते मी कानात सांगितलं, कवितेत नवऱ्याचं नाव गुंफायचं. आज्जी म्हणाल्या, "मला चार घ्यावे लागतील." शेजारच्या आजीबाईंना ते कुणीतरी मराठीत सांगितलं आणि त्यांचा तिळगूळ श्वासनळीत गेला.

मग कुवेतमध्ये तीस वर्षं काढलेल्या एका डॉक्टरबाईंचा सत्कार झाला. शाल, कुंकू, नारळ. आज्जी निरखून बघत होत्या.

"ते काय देतात?"

"नारळ. मान म्हणून."

"आणि ती दोन हातांनी का घेतेय?"

"एका हातानं घेतला तर देणाऱ्याचा अपमान होतो."

आज्जींनी वॉकरवरच्या स्वतःच्या हातांकडं बघितलं.

त्यांचा नंबर आला. स्टेज म्हणजे टाचेएवढ्या उंचीचा लाकडी चौथरा. मी त्यांना वॉकरसकट वर उभं केलं आणि हाताच्या अंतरावर थांबले. आज्जींनी मला आधी सगळं समजावलं होतं. आधी सूर, मग मोठी शांतता, मग पुन्हा तोच सूर. "शांततेनंतर तो सूर बदललेला असतो, सार्जंट. मी बदलत नाही, लोक बदलतात." हे मी ताईंना सांगायला हवं होतं. ते मी विसरले. चूक माझी, मान्य करते.

आज्जींनी सूर लावला. हॉलमध्ये चुळबूळ झाली. एका छोट्या मुलीनं मोठ्यानं विचारलं, "मम्मी, इज शी ओके?" मग हळूहळू सगळं शांत. सूर संपला. शांतता सुरू झाली.

शांतता वाढायला लागली. पंधरा सेकंद. तीस. मागून कुजबुज, "विसरली वाटतं बिचारी." आता आपल्याकडं कुणी स्टेजवर विसरलं की आपण काय करतो? टाळ्या वाजवतो. बिचारीला धीर यावा म्हणून. एकीनं सुरू केल्या, सगळ्या वाजवायला लागल्या. ताई हातात सत्काराचं ताट घेऊन तयारच होत्या. हॉल सहाच्या आत रिकामा करायचा होता, आणि पायऱ्यांवर तिथला हारिस, म्हणजे रखवालदार, येऊन किल्ल्या वाजवत उभा होता. टाळ्या ऐकून ताईंना वाटलं, झालं गाणं. त्या तरातरा स्टेजवर चढल्या, माझ्या आणि आज्जींच्या बरोबर मधे घुसल्या, आणि माझा रस्ता बंद झाला. पुढं ताट, मधे ताईंची नऊवारी, पलीकडं माझी पेशंट.

आज्जींनी डोळेसुद्धा हलवले नाहीत. ताईंनी त्यांना शाल पांघरवली. कुंकू लावलं. टाळ्या चालूच. आणि मग ताईंनी दोन्ही हातांत नारळ धरून पुढं केला.

मला ताईंच्या खांद्यावरून फक्त आज्जींचे हात दिसत होते. वॉकरच्या दांडीवर, नेहमीसारखे घट्ट. उजवा सुटला. मी मनात म्हटलं, आता उजव्यानंच घेतील. ताई थांबल्या. नारळ तसाच पुढं. आज्जींनी एकदा नारळाकडं बघितलं, एकदा ताईंकडं. आणि डावा हात उचलला.

दोन्ही हातांत नारळ. वॉकरवर कुणीच नाही.

मी ओरडणार होते, पण ओरडले असते तर त्या दचकल्या असत्या, म्हणून पदराचा बोळा तोंडात घातला. आज्जी उभ्या होत्या. कंबर समतल, वजन दोन्ही पायांवर, हनुवटी वर. आणि मग त्यांनी नारळ पोटाशी धरून तोच सूर पुन्हा लावला, ताईंच्या तोंडासमोर. ताई बिचाऱ्या अडकल्या. खाली उतरावं तर पाहुणीचा अपमान, उभं राहावं तर तोंडावर टँकर! त्यांनी शेवटी आरतीला जोडतात तसे हात जोडले.

पुढच्या रांगेतल्या पोरांनी आधी फिदीफिदी केलं, मग एकानं सूर पकडला, मग दुसऱ्यानं. हॉलभरची चाळीस पोरं "आऽऽऽ" करून एका सुरात. तळघर घुमायला लागलं. हारिस किल्ल्या वाजवायचा थांबला.

सूर संपला आणि आज्जींनी काय करावं? नारळ दोन्ही हातांनी ताईंना परत दिला. त्यांना वाटलं, मानाची देवाणघेवाण असते.

सत्काराचा नारळ कुणी परत देतं का? ताई घाईघाईनं "नाही नाही, तुम्हीच ठेवा हो," म्हणत परत त्यांच्या हातात ठेवून एक पाऊल मागं सरकल्या. आज्जी एक पाऊल पुढं. परत नारळ ताईंकडं. "अहो, तुमचाच आहे तो!" ताई आणखी मागं. आज्जी आणखी पुढं. असं करत करत, देत घेत, देत घेत, ताई उलट्या पावली आणि आज्जी सुलट्या पावली अख्खा स्टेज ओलांडून गेल्या! वॉकर त्या टोकाला एकटा उभा. बायका आता खुर्च्यांवरून उठून हसत होत्या, कुणी डोळे पुसत होतं, ती उखाण्यातली आजीबाई पुन्हा खोकत होती. मी स्टेजला वळसा घालून पलीकडच्या बाजूला पोचले, तेव्हा आज्जींनी नारळ माझ्या हातात दिला.

"सार्जंट, तुम्हा लोकांचा हा कार्यक्रम फार अवांगार्द आहे. इतकं प्रायोगिक मीसुद्धा कधी केलं नाही."

मागच्या भिंतीशी लेक उभी होती. तोंडावर हात. हसत होती की काय ते मला इतक्या लांबून कळेना. नंतर पायऱ्यांपाशी तिनं मला गाठलं. "रिपोर्ट?"

"आज नाही," मी म्हटलं. "एकदा जमलं म्हणजे रिपोर्ट होत नाही."

आज्जींनी माझ्याकडं असं बघितलं की आधीचे टोमॅटोवाले बरे. पण मी माझ्या कागदाला जागले. पुढचा आठवडा रोज गेले. वॉकर मी दुसऱ्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. सोमवारी ओट्यापाशी हात सोडून, मंगळवारी बाथरूमच्या दारातून आतपर्यंत. तिथं आज्जी उंबऱ्याशी थांबल्या. मीही थांबले. हात पुढं धरून ठेवला. त्यांनी तो धरला नाही. आत गेल्या, ती फरशी बघितली, आरशात बघून केस सारखे केले आणि बाहेर आल्या.

बुधवारी आणि गुरुवारी इमारतीचा जिना. खालपासून चौथ्या मजल्यापर्यंत, कठडा आणि काठी, मधे दोनदा थांबून. प्रत्येक मजल्यावर आज्जी कुणाचं तरी दार वाजवायच्या आणि दार उघडलं की "सराव चाललाय" म्हणून पुढं जायच्या.

रिपोर्ट मी शुक्रवारी घरी बसून लिहिला. आधाराशिवाय उभ्या राहतात, किती वेळ ते. घरात काठीशिवाय, बाहेर काठी घेऊन चालतात. चार मजले चढतात, विश्रांती घेऊन. बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवाव्यात, दिवसातून एकदा कुणीतरी फोन करावा. एकटं राहण्यास योग्य. खाली सही, डिग्रीसकट.

लेकीनं तो दोनदा वाचला. मग फोन उचलला आणि त्यांच्या भाषेत कुणाशी तरी बोलली. भाषा कळली नाही, पण आज्जींचा चेहरा मला वाचता येत होता. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, जसं काही त्यांचं यात काहीच नाही. फोन ठेवल्यावर लेक म्हणाली, "घरमालक म्हणाला, वाट बघतो."

"तो खोटं बोलतो," आज्जी म्हणाल्या. "तो मी मरायची वाट बघतोय. चाळीस वर्षं माझ्या खालच्या मजल्यावर राहतोय आणि ऐकतोय." आणि उठल्या, लेकीपर्यंत गेल्या, मोकळ्या हातांनी, आणि तिचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला. मी वळून माझी बॅग भरत बसले. भरायला तसं काही नव्हतं.

निघायच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून विमानतळावर गेले. मला बघायचं होतं, माझी पेशंट स्वतःच्या पायांनी कुवेतमधून बाहेर पडताना. व्हिडिओ काढून आई-वडिलांना पाठवणार होते, दवाखान्यातल्यांनाही दाखवणार होते. तयारीनं फोन काढून उभी राहिले.

एअरलाइनचा माणूस व्हीलचेअर घेऊन आला. कुणीतरी तिकिटावर वय बघून मागवली असणार. मी म्हणणार होते, नको, त्या चालतात. तोवर आज्जी तीत बसल्यासुद्धा! झगा सारखा केला, काठी मांडीवर आडवी घेतली.

"आज्जी! उठा! मी सही केलीय!"

"सार्जंट," आज्जी शांतपणे म्हणाल्या, "ती रांग बघितलीस का?"

रांग खरंच तीन वळणं घेऊन दारापर्यंत आली होती. लेक इतकी हसली की तिला काऊंटरचा आधार घ्यावा लागला. तिला एवढं मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"चला," आज्जी त्या माणसाला म्हणाल्या, आणि तो ढकलायला लागला. रांगेतली माणसं वाट करून देत होती, आणि आज्जी मधून हनुवटी वर करून चालल्या होत्या, म्हणजे बसून चालल्या होत्या. पासपोर्टच्या खिडकीपाशी खुर्ची थांबली. खिडकी जरा उंच होती. आज्जी उठल्या, कशालाही हात न लावता, पासपोर्ट दिला, आत बसलेल्या तरुण अधिकाऱ्याला काहीतरी सांगितलं, तो हसला आणि शिक्का मारला. मग त्या पुन्हा बसल्या.

एवढं उठणं, बसणं आणि मग खुर्चीतून पुढं जाणं माझ्या फोनमध्ये आहे. पाऊण मिनिट. वडिलांना पाठवलं तर त्यांनी विचारलं, बाई बसून का चाललीय? मी लिहिलं, हौस म्हणून.